पाच पौंडांचा पंप

संपत बारा-तेरा वर्षं जालन्यातल्या एका जिनिंगवाल्या शेटची मोटार चालवत होता. पंच्याहत्तर साली शेटनं नवी गाडी घेतली आणि जुनी विलायती मोटार संपतलाच स्वस्तात देऊन टाकली. फिकट निळी, पाऊस सरल्यावरच्या आभाळासारखी. लग्नसराईत नवरदेव न्यायचे, अडल्या बाईला औरंगाबादच्या दवाखान्यात पोचवायचं, असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं, ठरवलं होतं. दिवाळीपर्यंत गाडी चालली. मग अंबडच्या रस्त्यावर पाण्याचा पंप फुटला.

मिस्त्रीनं जोडून दिला, तो पुन्हा फुटला. जालन्यातच मस्तगड भागात बद्रीनाथचं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं मुंबईला फोन लावून चौकशी केली.

"एका दुकानात एकच नग हाय. साडेसहाशे म्हणून राह्यला."

"बद्रीशेट, पंपाचा भाव इचारला मी, गाडीचा न्हाई."

"विलायती माल येणं बंद झालंय. ज्याच्याकडं हाय, तो सांगंल तो भाव."

बेबीनंदाची धाकटी बहीण शिवकन्या इंग्लंडात लीड्सला नर्स होती. गेली त्याला सहा वर्षं झाली होती. दरवर्षी 'पुढल्या वर्षी नक्की येते' म्हणायची. संपतनं तिला गाडीची माहिती कळवली. तिचं उत्तर आलं की तिथं असले पंप गल्लीतल्या दुकानात पाच पौंडाला पडलेले असतात. पाच पौंड म्हणजे नव्वद रुपये. पोस्टानं पाठवला तर वाटेत कुठं जाईल कोण जाणे, मीच घेऊन येते.

बेबीनंदानं हे आईला सांगितलं. चांगुणाबाई लेकीकडंच राहायची.

"मी ये म्हणले तवा आली न्हाई. पंपासाठी येऊन राह्यली."

"येऊ दे की माय, कशासाठी का व्हईना."

त्या हिवाळ्यात गाडी दारच्या कडुलिंबाखाली उभी राहिली. दुपारी चांगुणाबाई मागच्या सीटवर जाऊन बसायची. जवळच्या जिनिंगमधून कापसाचे पुंजके तरंगत यायचे, उघड्या खिडकीतून आत शिरायचे आणि कुठंच न टेकता हिंडत राहायचे. लिंबाच्या सावल्या काचेवरून सरकायच्या. डोळे अर्धे मिटले की गाडी चालायला लागली असं तिला वाटे. तिचं माहेर गोदाकाठच्या शहागडचं. सावल्यांमागून सावल्या जायच्या, कुठंतरी पाण्याचा वास यायचा आणि नदी आता वळणापलीकडंच आहे, असं वाटत असतानाच बेबीनंदा चहाला हाक मारायची. कधी हाक न मारता तीही आईशेजारी येऊन बसायची. समोर सगळं जालना ऊन पांघरून पडलेलं असे.

फाल्गुनात शिवकन्या आली. संपत तिला स्टेशनवरून घेऊन आला तेव्हा चांगुणाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. मग शिवकन्यानं पेटी उघडली. लोकरीच्या स्वेटरात गुंडाळलेला पंप निघाला. संपतनं तो उचलून पाहिला, फिरवून पाहिला.

"बराबर हाच. लई उपकार झाले. नव्वद रुपये आत्ताच घ्या."

"राहू द्या, भाऊजी."

"का बरं?"

शिवकन्या थोडी घुटमळली. "मुंबईत उतरले तर कस्टमच्या साहेबानं इथल्या बाजारभावानं किंमत धरली. चारशेऐंशी भरले. विमानात वजनाचे वेगळे."

संपत पंप मांडीवर घेऊन बसून राहिला. मनातल्या मनात त्यानं बेरीज केली असावी, कारण त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मुंबईच्याच भावाला गेला. उगाच तुम्हाला तरास दिला."

"तिकिटाचे किती लागले गं?" चांगुणाबाईनं विचारलं.

शिवकन्यानं आकडा सांगितला. म्हातारीला तो किती मोठा ते नीटसं कळलं नाही. तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"मंग पंप स्वस्तच पडला की."

शिवकन्या हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पंप बसवला. तिसऱ्या दिवशी सकाळी चौघं शहागडला निघाले. संपतच्या शेजारी बेबीनंदा, मागं मायलेकी. इंजिन तापत नव्हतं, घरघर एकसारखी. अंबड मागं पडलं. रस्त्याकडेला पळस फुलले होते. शेतांवर पातळ धुकं होतं आणि त्यातून बैलगाड्या आवाज न करता येत होत्या, जात होत्या. शिवकन्या सुरुवातीला बोलत होती. तिकडं रात्रपाळी करून करून झोपच उडाली आहे, इथं आल्यापासूनही डोळा लागला नाही, असं सांगत होती. बोलता बोलता तिचं डोकं आईच्या खांद्यावर कलंडलं.

शहागड आलं. पुलाखाली गोदावरी रुंद आणि संथ पसरली होती. संपतनं गाडी हळू केली आणि सासूला विचारलं.

"मामी, उतरायचं ना?"

चांगुणाबाईनं खांद्यावरच्या तोंडाकडं पाहिलं. लेकीचा श्वास संथ चालला होता, ओठ किंचित उघडे होते.

"थांबू नको," ती हळूच म्हणाली. "गाडी थांबली की जागी व्हईल."

"पुढं कुठं जायचं पण?"

"रस्ता हाय तवर जाऊ."

संपतनं बेबीनंदाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. गाडी पुलावर चढली आणि गेवराईच्या दिशेनं, उजेडात, सावकाश चालत राहिली.