हिरवा हप्ता, लाल हप्ता

न्याय माणसाच्या रक्तात असावा लागतो. वडनेरच्या लक्ष्मणराव उमाट्यांच्या रक्तात तो होता, याबद्दल गावात दुमत नव्हतं. हिंगणघाटच्या डॉक्टरांना मात्र तपासणीअंती त्यांच्या रक्तात फक्त साखर सापडली होती.

तरीही धुरा, नाली, बैलगाडीची वाट, काहीही अडलं की लोक त्यांच्याच ओसरीवर येत. लक्ष्मणरावांचा न्याय सोपा होता. अर्धं याचं, अर्धं त्याचं. आणि वस्तू कापता येत नसेल तर आळीपाळीनं. दोन भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, आंबा त्यांनी असाच वाटून दिला होता. एक वर्ष थोरल्याचं, एक वर्ष धाकट्याचं. तो आंबा निघाला वर्षाआड फळणारा. थोरल्याला दर खेपेस आंबे मिळाले, धाकट्याला दर खेपेस सावली. पण सावली त्याला पूर्ण मिळाली, तिच्यात कोणी वाटेकरी नव्हता, असं लक्ष्मणरावांचं म्हणणं होतं आणि निकाल काही बदलला नाही.

स्वतःच्याच घरात न्याय करायची पाळी त्यांच्यावर आली ती २००५ च्या उन्हाळ्यात, कॉम्प्युटरपायी.

घर एकत्र होतं. लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी आनंदाबाई, मुलगा कैलास. धाकटे भाऊ रूपराव, त्यांच्या पत्नी शोभाबाई, मुलगी अंकिता. वावर एक, गॅस एक. "आमच्या घरी भाजीले एकच फोडणी पडते," हे लक्ष्मणराव सोयऱ्यांना इतक्यांदा ऐकवत की सोयरे ते त्यांच्या आधी म्हणून टाकत. पण ते वाक्य हीच त्यांची खरी इस्टेट होती. लोकांच्या वाटण्या करून देणाऱ्याच्या घरात शेगड्या दोन झाल्या, तर उद्या ओसरीवर कोण येणार?

कॉम्प्युटर शिक्षणासाठी घ्यायचा ठरला होता. कैलास आणि अंकिता दोघंही एसटीनं हिंगणघाटच्या कॉलेजात जात आणि तास संपला की कॅफेत बसून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळतं, असा दोघांचा समज होता. लक्ष्मणराव त्यांना घेऊन प्रफुल राठीच्या दुकानात गेले. दुकान एकाच गाळ्यात होतं. डावीकडे प्रफुलचे वडील मोतीलालशेठ भांडी विकत आणि उजवीकडे प्रफुल कॉम्प्युटर. सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात प्रफुलनं विचारलं, "काकाजी, ग्राफिक्स कार्ड कोनतं टाकू?"

"ते काय असते?"

"चित्र दाखवते जी. गेममधली गाडी, झाडं, सावल्या. कार्ड चांगलं असलं तं चित्र पळते, नाई तं अडखळते."

"शिक्षणात सावल्या लागतेत काय?"

"थ्रीडी शिक्षणात लागतेत," कैलास आणि अंकिता एकदम म्हणाले. दिवाळीपर्यंत तरी दोघांचं एकमत झालेलं हे शेवटचं वाक्य.

बाजारात कंपन्या दोन होत्या. एकीचा डबा हिरवा, दुसरीचा लाल. भावात फरक नव्हता, त्यामुळे लक्ष्मणरावांना धरायला काहीच उरलं नाही.

"हिरवीत दम हाय, बाबा," कैलास म्हणाला. "नागपूरचे सारे पोट्टे हिरवीच घेतेत."

"नागपूरच्या पोट्ट्यायले काय समजते?" अंकिता म्हणाली. "मोठेबाबा, लालचे रंग पाहा. हिरवी तं नुसती गरम होते."

"तुले गाडी तरी चालवता येते काय वं?"

"मांगच्या हप्त्यात कॅफेत कोन हारलं होतं, सांगू काय मोठेबाबाले?"

कैलास एकदम डब्यामागचा मजकूर वाचू लागला. कॅफेत अंकिताच जिंकते ही बातमी हिंगणघाटला जुनी झाली होती, वडनेरला अजून पोचायची होती.

लक्ष्मणराव कॉम्प्युटर न घेता परत आले, आणि ती चूक झाली. रात्रीच्या जेवणापर्यंत प्रकरण पोरांच्या हातून आयांच्या हातात गेलं. दोघींनीही कार्ड पाहिलं नव्हतं, त्यामुळे दोघींना काही शंका नव्हत्या.

"कैलास मोठा हाय. मोठ्याचं ऐका," आनंदाबाई म्हणाल्या.

शोभाबाई भासऱ्यांशी, म्हणजे लक्ष्मणरावांशी, कधी थेट बोलत नसत. आजवर त्या जे काही त्यांना बोलल्या होत्या ते भिंतीला, गाईला किंवा अंकिताला उद्देशून. आत्ता त्या वरणाच्या पातेल्याकडे पाहून म्हणाल्या, "पोरीचं काऊन ऐकतीन कोनी? पोरीनं काय, हिरवं म्हना तं हिरवं म्हनावं, लाल म्हना तं लाल. असंच असन तं आमची शेगडी येगळी करून द्या म्हना."

वरणाचं पातेलं काही बोललं नाही. रूपराव "दादा म्हनन ते" एवढं म्हणून हात धुवायला उठले. ते आयुष्यभर प्रत्येक प्रसंगी हेच म्हणत आले होते आणि त्यांची तब्येत उत्तम होती.

धमकी पोकळ नव्हती. शोभाबाईंच्या भावानं दिलेली दोन बर्नरची नवी शेगडी खोक्यासकट माळ्यावर पडून होती. दुसऱ्या दिवशी खोकं माळ्यावरून पलंगाखाली आलं. लक्ष्मणरावांनी ते पाहिलं आणि पहिली एसटी धरून हिंगणघाट गाठलं.

त्यांनी प्रफुलला सगळं सांगितलं. प्रफुल म्हणाला, "कोनतंबी घ्या काकाजी, दोन्ही चांगले हायेत." याचा उपयोग शून्य होता. पलीकडून मोतीलालशेठ, हातातलं ताट पुसत, म्हणाले, "लक्ष्मणराव, घरात दोन सुना असल्या की आम्ही एक ताट कधी विकत नाही. दोन विकतो. एकाच मापाची."

लक्ष्मणरावांच्या डोक्यात उजेड पडला. "प्रफुल, दोन्ही कार्डं संगं बसतेत काय?"

"जागा एकच हाय जी. एका टायमाले एक."

"मंग पाळी लावू," लक्ष्मणराव म्हणाले. सामाईक विहिरीवरचं पाणी असंच तर चालतं. एक हप्ता, म्हणजे आठवडा, याच्या वावराला, एक हप्ता त्याच्या. प्रफुलनं आजवर खूप गिऱ्हाइकं पाहिली होती, पण विहिरीच्या नियमानं कार्ड घेणारं पहिलंच. त्यानं आनंदानं दोन्ही डबे बांधून दिले आणि कार्ड काढायचं-बसवायचं कसं ते दाखवलं. एक स्क्रू, मग अलगद दाब. "फक्त कार्डाले हात लावायच्या आंधी पेटीच्या लोखंडाले हात लावजा. आंगातली वीज निघून जाते."

पाळी बदलायचा अधिकार लक्ष्मणरावांनी स्वतःकडे ठेवला. विहिरीवरच्या मोटारीचं बटण दोन्ही बाजूंच्या माणसांनी दाबायचं नसतं, तिसऱ्यानं दाबायचं असतं. दर रविवारी आंघोळ करून ते टेबलाशी बसत, पेटीच्या लोखंडाला हात लावत, तो हात कपाळाला लावत, कारण लोखंडाला नुसता हात लावून सोडून देणं त्यांना बरं वाटेना. मग जुनं कार्ड काढून नवं बसवत, आणि टेबल भिंतीला टेकलेलं असल्यामुळे मागं हात घालून, चाचपून, पडद्याची तार लावत. कैलास आणि अंकिता दोन हात दूर उभी राहून पाहत. जवळ यायची परवानगी नव्हती. जमिनीच्या मोजणीच्या वेळीही वाटेकरी लांबच उभे करतात.

पहिला हप्ता मोठा म्हणून कैलासचा, हिरवा. गेम चालू झाला, गाडी निघाली आणि वळणावर अडखळली.

"पाह्यलं?" अंकिता म्हणाली. "हिरवी!"

"अडखळली नाई ते. वळणावर बिरेक लागते."

पुढच्या रविवारी लाल आलं. गाडी त्याच वळणावर अडखळली.

"बिरेक लागला काय वं?" कैलासनं विचारलं.

"रंग पाह्य ना तू. आभाय पाह्य कसं दिसून राह्यलं!"

आणि खरंच, अंकिताला आभाळ निराळं दिसत होतं. कैलासला हिरव्या हप्त्यात झाडाचं पान न् पान मोजता येई, ते लालमध्ये चिखल होऊन जाई. हळूहळू हा गुण घरभर पसरला. आनंदाबाई गेम खेळत नसत, पण हिरव्या हप्त्यात स्वयंपाकघरातून वाकून पाहत आणि म्हणत, "या हप्त्यात डोये नाई दुखत, बाप्पा." शोभाबाई लाल हप्त्यात गाईला सांगत की आता कुठं खोलीत उजेड आला. लोडशेडिंगमुळे खोलीत बराच वेळ कुठलाच उजेड नसे, पण त्यावर कोणाची तक्रार नव्हती; अंधार दोन्ही पक्षांना सारखा होता.

गावातली पोरंही येऊ लागली. ट्रॅक्टर रंगावरून ओळखणाऱ्या गावाला हा वाद समजायला वेळ लागला नाही. ओसरीवर हिरवेवाले आणि लालवाले असे दोन गट बसू लागले. त्यांतल्या निम्म्यांनी कॉम्प्युटर चालू असलेला पाहिलाच नव्हता.

पावसाळा असा गेला. लक्ष्मणराव समाधानी होते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र पोरांनीच घात केला. दोघांनी मिळून ठरवलं की एकदाचा निकाल लावायचा. एकाच दिवशी, एकच गेम, दोन्ही कार्डं, आणि पंच बाहेरचा. पंच म्हणून प्रफुल राठी.

"मी पंच असतानी बाहेरचा काऊन?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"तुमी निकाल कुठं देता, बाबा? तुमी तं पाळी देता," कैलास म्हणाला.

हे लक्ष्मणरावांना लागलं, कारण खरं होतं. आजवर त्यांच्या ओसरीवरून कोणी हरून गेलं नव्हतं, आणि म्हणूनच लोक परत येत होते. उद्या एक कार्ड हरणार होतं. कार्डाचं काही नाही. ते खिशात टाकून प्रफुल परत घेऊन जाईल. पण हरलेल्या कार्डाची आई याच घरात राहणार होती. शेगडीचं खोकं पलंगाखालून निघून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसलं होतं. आनंदाबाईही आता म्हणू लागल्या होत्या, "जाऊ द्या, होऊ द्या येगळं. मलेबी कटाया आला."

प्रफुल सकाळीच गाडीवर आला. सगळं घर जमलं. ओसरीवर दोन्ही गट आपापल्या बाजूला बसले. रूपराव कुठल्याच बाजूला न बसता दारात उभे होते.

"आंधी वायरिंग पाह्यतो," म्हणून प्रफुलनं टेबल पुढं ओढलं आणि मागं शिरला. लक्ष्मणराव बॅटरी घेऊन त्याच्या मागं वाकले. प्रफुलनं तार पाहिली. खाली पाहिलं, वर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काकाजी, ही तार कोनं लावली?"

"मीच लावतो दर रविवारी."

"दर रविवारी इथंच?"

"जिथं हात पुरते तिथं लावतो. बसते ना बराबर."

"बसते जी. पन हे पेटीतल्या मूळ बोर्डाचं तोंड हाय. कार्डाचं तोंड खाली हाय, ते पाहा. कार्डाले तार कधी लागलीच नाई."

"कोन्या कार्डाले?"

"कोन्याच."

लक्ष्मणराव बॅटरी धरून वाकलेलेच राहिले. कमरेत कळ आली तरी सरळ झाले नाहीत. हिरव्या हप्त्यातली पानं आणि लाल हप्त्यातलं आभाळ, सगळं एकाच भोकातून आलं होतं.

"लावून देतो आता खाली," प्रफुल म्हणाला. "मंग खरं काय ते कयन."

खरं काय ते कळणार, म्हणजे कोणतं तरी एक जास्त चांगलं निघणार. लक्ष्मणरावांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. हाय तिथंच बरी हाय."

"पन काकाजी, टेस्ट..."

"टेस्ट घे ना. याच्यावरच घे."

टेस्ट झाली. प्रफुल व्यापाऱ्याचा मुलगा होता. गिऱ्हाइकाचं घर मोडून आपलं दुकान चालत नाही हे त्याला कळत होतं. दोन्ही कार्डांवर गाडी त्याच वळणावर, तितकीच अडखळली. लक्ष्मणराव ओसरीवर आले आणि त्यांनी निकाल दिला.

"दोन्ही सारखे हायेत. तीळभर फरक नाई."

आजवर त्यांनी दिलेल्या निकालांत पूर्ण खरा असा हा पहिलाच होता. कैलासला वाटलं, बाबांनी अंकिताचं मन राखलं. अंकिताला वाटलं, मोठेबाबांनी कैलासची लाज राखली. दोघांनी एकमेकांकडे दयेनं पाहिलं. शोभाबाई गाईला म्हणाल्या, "सारखंच हाय तं मंग भांडत काऊन होते म्हना एवढे?" आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या. मागोमाग आनंदाबाईही गेल्या, कारण साखर कुठं ठेवली आहे ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

चहा झाल्यावर लक्ष्मणराव प्रफुलला फाटकापर्यंत पोचवायला आले. थोडा वेळ तिथंच रेंगाळले.

"मंग इतके दिवस चित्र दाखवलं कोनं?"

"बोर्डानं. त्याच्यात आपली लहानशी सोय राह्यते. कार्ड बिघडलं तं अडू नये म्हनून मी ते चालूच ठेवतो."

"कोन्या कंपनीची हाय ते?"

"कंपनी-गिंपनी काई नाई, काकाजी," प्रफुलनं गाडीला किक मारली. "ते बोर्डासंगं फुकट येते."