आधीचा फोटो

उद्या ज्या ओट्यावर घण पडणार, तोच ओटा आज घासत बसणारी बाई अख्ख्या पाचूबंदरात एकच होती, लूर्डस. शेजारची जेनिफर दारात उभी राहून हसली. "फोडायचाच हाय ना तो? मग कशाला कंबर मोडून घेते?"

"घरातून जानारी वस्तू घासूनपुसून गेली पायजे," लूर्डस म्हणाली. "मानूस नाय का आपन आंघोळ घालून नेत?"

नवरा गेल्यावर लूर्डसने कोलंबीचं आणि बोंबलाचं लोणचं विकून संसार ओढला, मुलगी शिकवली आणि चंदनसारला दिली. वसईच्या सोसायट्यांमधल्या बायका तिची बरणी डोळे मिटून घ्यायच्या. लोणचं काय, बाजारात पोत्याने मिळतं. पण लूर्डसच्या स्वयंपाकघरातलं म्हटलं की कोणी वास घेऊन बघत नसे. तेवढी एकच तिची इस्टेट होती.

काम घेतलं होतं रायनने, तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलाने. घरं नवी करून देण्याचा त्याचा धंदा. हाताला चव असते तशी त्याच्या हाताला सफाई होती, पण तुळिंजच्या चाळींतली गळकी बाथरूमं दुरुस्त करून तो वैतागला होता. त्याला बंगले हवे होते. बंगलेवाले ठेकेदाराला नाक्यावर शोधत नाहीत, मोबाइलवर शोधतात, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. मग पेज उघडलं, नाव ठेवलं, आणि आधीचं घर नि नंतरचं घर असे व्हिडिओ टाकायला सुरुवात झाली. मावशीच्या घराचाही टाकणार, असं त्याने आधीच सांगितलं होतं. लूर्डस हो म्हणाली. भाच्याचं भलं होत असेल तर आपलं काय जातं?

चावी त्याच्या हातात देऊन ती मुलीकडे राहायला गेली. परत आली तेव्हा ओटा आरशासारखा, लाद्या सरळ रेषेत, मसाल्याच्या डब्यांना खण, पाण्याला उतार. काम झकास होतं, हे ती आजही नाकारत नाही. नव्या ओट्यापाशी बरण्या मांडून, हसत, तिने फोटोसुद्धा काढून घेतला.

आठवड्याने जेनिफर फोन घेऊन आली. हसत नव्हती. "हे तुझंच घर काय गो?"

फोनवर एक उकिरडा होता. ओट्यावर कोलंबीची सालं, मोरीत माशांची आतडी, भिंतीवर काळे ओघळ, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. लूर्डस म्हणणार होती, छे, हे कोनाचं? तेवढ्यात तिला खिडकीची जाळी ओळखू आली. मग झर्रकन सगळं बदललं आणि चकचकीत ओट्यापाशी, बरण्यांच्या मागे, ती स्वतः हसत उभी होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, हीच का ती लोणचेवाली? शी! आम्ही हे खात होतो?

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते लूर्डसला त्या दिवशी कळलं. घासघासून तिच्या नखांच्या कडा सोलवटल्या होत्या. त्या घासलेल्या ओट्यावर कोणीतरी बंदरावरची घाण आणून ओतली होती. आणि ते कोणीतरी म्हणजे तिचाच रायन.

त्यानंतर सोसायट्यांमधून फोन येऊ लागले. एकीला डॉक्टरांनी आंबट बंद करायला सांगितलं होतं, एकीच्या घरात अजून मागचंच शिल्लक होतं. खोटं बोलायचीही लोकांना किती घाई! एक बाई तेवढी खरं बोलली. म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण तो व्हिडिओ डोळ्यांसमोर येतो हो."

लूर्डस रायनला फोन लावत राहिली. तो उचलीना. आणि रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर केक घेऊन स्वतःच दारात हजर!

"मावशी, जॅकपॉट लागला! गास गावात राऊतांचं घर, पूर्ण रिनोव्हेशन. तुझा व्हिडिओ बघून आले. संध्याकाळी तुझं किचन बघायला आणू ना?"

"घान कुटून आनलीस?"

रायन गडबडला. "अगं, ते... सगळेच करतात. आधीचं जितकं खराब, तितकं नंतरचं उठून दिसतं. तुझं किचन एवढं क्लीन होतं की फरकच दिसत नव्हता. कोण बघणार होतं?"

"लोक माझं लोनचं घेईनात."

"दोन दिवसांत विसरते पब्लिक. राऊतांचं फायनल झालं की काढून टाकतो, प्रॉमिस."

लूर्डसच्या हातात विळी नव्हती म्हणून केकवर भागलं. केक अंगणात गेला, कोंबड्यांची चैन झाली. पण शेवटी ती म्हणाली, "आन त्यांना."

संध्याकाळी राऊत मायलेक आले. मुलगा उमंग बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आई सरलाबाई वाडीतली फुलं नि केळी बघणाऱ्या. उमंग ओट्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय होतं आणि काय केलंत! कमाल आहे."

"ते नव्हतं तसं," लूर्डस म्हणाली. "ती घान ह्याने आनून टाकली. मी घासून दिलेल्या ओट्यावर."

रायन हसला. "मावशी पण ना..."

उमंगने खांदे उडवले. "जाहिरात म्हटली की थोडं असतंच, बाई. काम चांगलं आहे ना?"

लूर्डसचं डोकं फिरलं. थोडं? कोणाचं थोडं? तिने उमंगकडे पाठ केली आणि सरलाबाईंना सरळ विचारलं, "तुमच्या घराचा आधीचा फोटो काढला काय ह्याने?"

"मापं घ्यायला आला तेव्हा काढला. मी भांडी घासायला घेत होते, तर म्हणाला, आई, राहू द्या तशीच. मग विहिरीचं ताजं पाणी हवं म्हणून मला बाहेर पाठवलं." सरलाबाई रायनकडे वळल्या. "दाखव."

"आंटी, ते अजून एडिट..."

"दाखव म्हणते ना!"

त्याने दाखवलं. सरलाबाईंचं स्वयंपाकघर, खरकटी भांडी, आणि ओट्यावर कांद्याच्या सालांचा ढीग.

"आमच्याकडे त्या दिवशी कांदा चिरलाच नव्हता," सरलाबाई म्हणाल्या. "एकादशी होती."

उमंग सारवासारव करू लागला. "आई, आपण व्हिडिओ टाकू नको सांगू. काम बघ ना त्याचं."

"काम चांगलंच आहे. पण हा माणूस माझ्या घरात नको." आणि त्या पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा. उमंगला मागून जावंच लागलं.

दार लागलं तसा रायन ओरडला, "वाट लावलीस माझी! सख्खी मावशी असून! एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "सख्खी म्हनून तर माझ्या घरात घान टाकलीस," लूर्डस कडाडली. "परक्याच्या घरात टाकली असतीस तर तंगडं मोडलं असतं त्याने!"

"बरं, चुकलं! हे बघ, डिलीट करतो." त्याने फोन काढला.

"करू नको." तिने त्याचं मनगट धरलं. "घान सगळ्या जगाने बघितली. पुसलेली कोन बघनार? तोंड दाखव तुझं त्याच पेजवर. बोल, मावशीचं घर स्वच्छ होतं, घान मी टाकली."

रायनचा चेहरा उतरला. आवाज एकदम लहान झाला. "मावशी, हे टाकलं तर मला पुन्हा कोण काम देईल?"

"आनि माझं लोनचं आता कोन खातंय?"

रायन ओट्याला टेकला. लूर्डसने त्याचं मनगट सोडलं, पण ती जागची हलली नाही. मग त्याने फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला.