बोरमळ्याची बेपत्ता सून

दत्तोबा हवालदारांनी रतनचा शोध दोन दिवस घेतला, आणि त्या दोन्ही दिवशी रतन त्यांच्याच स्वयंपाकघरात होती.

बोरमळा हे सणसरच्या पुढं, कालव्याच्या कडेला वसलेलं शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. छप्पन्न साली तिथं पोलीस चौकी झाली. चौकी म्हणजे दोन कौलारू खोल्या. पुढच्या खोलीत एक टेबल, एक बाक आणि खुंटीला टांगलेल्या बेड्या. त्या बेड्या कुणाच्या हातात पडल्याचं गावानं अजून पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीत हवालदारांचा आणि त्यांच्या बायकोचा, छबूबाईंचा संसार. माणूस पुरंदरकडचा, पन्नाशीला टेकलेला, पोटानं थोडा सुटलेला आणि मनानं सरळ. खोटं बोलायची वेळ आली तर त्यांचे कान लाल होत. छबूबाईंना हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

माघातल्या एका शनिवारी, अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा, चौकीच्या मागच्या दारावर कुणीतरी हलकेच थाप दिली. हवालदार नेहमीसारखे पुढच्या खोलीत बाकावर घोरत होते. छबूबाईंनी दार उघडलं तर समोर रतन. बनाबाईची सून, संभाजीची बायको. वय असेल एकोणीस-वीस. पाणी आणायला म्हणून बाहेर पडली होती, पण हातात घागर नव्हती.

"मावशी, मला आत घ्या," ती म्हणाली. "तुमच्या दारात आमच्या सासूबाई आवाज चढवायच्या न्हाईत."

छबूबाईंनी तिला आत घेऊन चुलीपाशी बसवलं. गुळाचा चहा केला. रतननं सांगितलं ते फार नव्हतं. तिला तिसरा महिना होता. गेल्या साली असाच तिसरा महिना असताना तिनं तोडणीला उसाच्या मोळ्या वाहिल्या, डोक्यावर मोळी घेऊन बांधावरून गाडीपर्यंत, दिवसातून तीस-चाळीस खेपा. त्यातच पोट पडलं. आता पुन्हा त्यांच्या उसाला कारखान्याची तोड आली होती. बनाबाईनं रात्रीच सांगितलं होतं, सकाळी लवकर फडात यायचं.

"त्यास्नी सांगितलं व्हतं का?" छबूबाईंनी विचारलं. त्यास्नी म्हणजे संभाजीला.

"सांगितलं. ते म्हणले, आईला कोण बोलणार."

छबूबाईंनी चुलीत लाकूड सरकवलं. नवऱ्याला उठवून सांगावं तर तो काय करणार हे त्यांना माहीत होतं. सासरच्यांनी मागितली की सून सासरी पोचती करायची, तोवर हाच रिवाज होता. आणि लपवून ठेव म्हणावं, तर दिवसभर त्याचे लाल कान साऱ्या गावानं पाहिले असते. तेव्हा त्यांनी काहीच सांगायचं नाही असं ठरवलं. त्या दिवशी दुपारी झुंबर माळ्याची भाजीची गाडी इंदापूरच्या बाजाराला निघाली. छबूबाईंनी त्याला गाठून निरोप दिला, "बाजारात लोणी देवकरची माणसं भेटतील. म्हणावं, महिपतीला सांगा, लेकीसाठी बोरमळ्याच्या चौकीवर या." महिपती म्हणजे रतनचा बाप.

तोवर इकडं चौकीत बनाबाई येऊन बसली होती. बरोबर गावचे पोलीस पाटील आप्पासाहेब आणि मान खाली घातलेला संभाजी.

"माझी सून न्हाय," बनाबाई म्हणाली. "पाटंचं पाण्याला गेली ती गेलीच. घागर कालव्याच्या पायरीवर सापडली."

दत्तोबांनी वही उघडली. नाव, वय, अंगाचा बांधा. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण, पायात जोडवी. ते एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहीत होते, आणि भिंतीच्या पलीकडं रतन स्वतःचं वर्णन ऐकत कोथिंबीर निवडत होती. "रंग निमगोरा" म्हटल्यावर बनाबाई म्हणाली, "सावळीच लिवा." छबूबाईंनी ओठांवर पदर धरला.

घागर पायरीवर आणि बाई नाही, म्हटल्यावर कुणी तोंडानं बोललं नाही, पण साऱ्यांच्या मनात एकच आलं. कालव्याला त्या आठवड्यात पाणी होतं, दोन्ही काठ भरून. दत्तोबा पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याची दारं सांभाळणाऱ्या गेणबाला घेऊन काठानं चालत निघाले. गेणबाच्या हातात लांब बांबू. दर मोरीपाशी थांबायचं, गाळात बांबू फिरवायचा, पुढं जायचं. सणसरच्या अलीकडच्या दारापर्यंत गेले आणि दुसऱ्या काठानं परत आले. वाटेत भेटेल त्याला विचारलं. गुराख्यांना विचारलं, गुऱ्हाळावर विचारलं, मोटारीच्या थांब्यावर विचारलं. संध्याकाळी परतले तेव्हा टाचेला फोड आला होता. छबूबाईंनी कोमट पाण्याचं घमेलं पुढं ठेवलं.

"काय लागला का पत्ता?"

"न्हाय," दत्तोबा म्हणाले. पाणी बघत बघत ते हळूच म्हणाले, "आपल्या शकूच्या वयाची आसंल गं." शकू त्यांची मुलगी, फलटणला दिलेली.

छबूबाईंच्या तोंडाशी शब्द आला होता. पण तो गिळून त्या भाकरी वाढायला उठल्या.

रविवारी दुपारी दत्तोबा नेहमीसारखे पुढच्या ओट्यावर जेवायला बसले. चौकी उघडी टाकून आत जाऊन जेवणं त्यांना पटत नसे. पहिला घास मोडला आणि त्यांनी भाकरी उचलून उन्हात धरली. पातळ, मऊ, कडा एकसारखी.

"पीठ बदललं का?"

"तेच हाय."

"मग आज भाकरी अशी कशी झाली?"

"नेहमी वाईट आसती का?" छबूबाईंनी विचारलं. त्यावर हवालदारांनी तपास थांबवला आणि अजून एक मागून घेतली.

पण त्या दिवशी संध्याकाळी ते परतले ते जेवायचं नाव न काढता. टोपी काढून बाकावर ठेवली, आणि आतल्या दाराकडं तोंड करून, जणू स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या संभ्याला काय करावं कळंना. दुपारपास्नं पाण्यात हाय. मोठ्या मोरीखाली बुडी मारतोय, वर येतोय, परत बुडी मारतोय. ओठ निळे पडल्यात. गेणबानं दोरी टाकली तर धरंना. म्हणतो, ती मला सांगत व्हती आन् म्या ऐकलं न्हाय."

छबूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या मागून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांना जरासं बाजूला सारून रतन पुढच्या खोलीत आली. तेच हिरवं लुगडं, तेच गोंदण.

"सायेब, मी हितं हाय," ती म्हणाली. "त्यास्नी पाण्यातनं काढा."

दत्तोबांनी तिच्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग राग आला, मग तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

"कवापास्नं?"

"काल पाटंपास्नं," छबूबाई म्हणाल्या.

"दोन दिस मी साऱ्या मुलखाला विचारत फिरलो."

"मला न्हाय विचारलं."

 दत्तोबांनी टोपी घातली, परत काढली. शेवटी नुसतेच उठून अंधार पडायच्या आत कालव्याकडं चालू लागले, फोड आलेल्या पायानं, जमेल तितकं भराभर.

अर्ध्या तासानं ते संभाजीला कांबळ्यात गुंडाळून घेऊन आले. पोरगा थरथर कापत होता. रतन चुलीपाशी उभी होती. तिला पाहून तो उंबऱ्यातच खाली बसला आणि हमसून रडला.  तिनं जाळ मोठा केला, त्याला जवळ बसायला पाट सरकवला, आणि त्याच्या हातात गरम पेला दिला. दत्तोबा आणि छबूबाई दोघंही पुढच्या खोलीत येऊन बसले. 

"रागावला का?" छबूबाईंनी विचारलं.

"व्हय," दत्तोबा म्हणाले. "पर मला सांगितलं आसतं तर मी तिला सासरी नेऊन घातली आसती."

"म्हणून तर."

सोमवारी सकाळी महिपती आला. इंदापुराहून पहिल्या मोटारीनं सणसरला उतरून पुढं चालत आला होता, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. लेक धड आहे हे बघितल्यावर तो ओट्याच्या कडेला बसला आणि पागोट्याच्या टोकानं तोंड पुसत राहिला. थोड्या वेळानं बनाबाई आली, आप्पासाहेब पाटील आले.

बनाबाईनं येतायेताच सुरू केलं. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय हिनं. आमी काय छळ केला? येळच्या येळंला खायाला घातलं. काम काय मी एकटीनं करायचं? मी बी पोटुशी असताना नवव्या म्हयन्यापतोर मोळ्या वाहिल्यात. चार झाली मला."

"राहिली किती?" छबूबाईंनी दारातून विचारलं. आवाजात टोचणी नव्हती. आपली चौकशी करावी तसं विचारलं.

बनाबाई थांबली. "दोन," ती म्हणाली. मग तिची नजर कुणाकडंच राहिली नाही. "थोरली पोरगी व्हती. उसाच्या सरीतच झाली, सातव्यात. नाव बी ठेवलं न्हवतं." एवढं बोलून तिनं भिंतीचा आधार घेतला आणि खाली बसली. संभाजी आईकडं बघत होता. ही गोष्ट त्यानं कधी ऐकली नव्हती.

 मग महिपती ओट्यावरून उठला. "पोरीला मी घिऊन जातो. बाळंत झाली की धाडतो."

"मला जायचं न्हाय, दादा," रतन बापाला म्हणाली. "माझं घर हितं हाय. भाकरी भाजीन, गुरांचं बघीन, झाडलोट करीन. मोळी उचलायची न्हाय आन् दोन घागरी एकावर एक घ्यायच्या न्हाईत. यवढंच."

सारे बनाबाईकडं बघू लागले. ती जमिनीवर बोटानं रेघ ओढू लागली. "कोण म्हणतंय, उचल म्हणून," ती शेवटी म्हणाली. बनाबाईकडून याहून अधिक कबुली मिळणार नाही हे गावाला ठाऊक होतं.

दत्तोबांनी वही मिटली. "आजपास्नं दर मंगळवारी आन् शुक्रवारी माझी गस्त बनाबाईंच्या घरावरनं जाईल."

"कुठल्या कलमाखाली, हवालदार?" आप्पासाहेबांनी गालातल्या गालात हसत विचारलं.

"पाटील, गस्त कुठल्या घरावरनं न्यायची ते हवालदारानं ठरवायचं आसतं."

आणि ते खरंच जात राहिले. सायकल निंबाला टेकवायची, ओट्यावर बसायचं, प्यायला पाणी मागायचं आणि पाणी कोण आणून देतंय ते बघायचं. सुरुवातीला बनाबाई तांब्या आदळून ठेवी. एका शुक्रवारी संभाजी दोन घागरी घेऊन कालव्याकडून येताना दिसला. गावची पोरं त्याला बघून हसत होती. दत्तोबा त्यांच्याकडं वळून उभे राहिले. पोरं पांगली. त्यानंतर बनाबाई पाण्याबरोबर गुळाचा खडा देऊ लागली. चैत्रापर्यंत तिच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं हवालदारांना तपशिलात माहीत झालं होतं, आणि छबूबाईंनी त्यावर निर्गुडीचा पाला धाडला होता.

श्रावणातल्या एका मंगळवारी ते पोचले तेव्हा घरातून कण्हण्याचा आवाज येत होता. संभाजी शेतावर होता. बनाबाई अंगणात आली, पदर विस्कटलेला.

"सायेब, दिस भरल्यात. सुईण सणसरला. माझ्यानं तिला सोडून जाववत न्हाय."

दत्तोबांनी सायकल वळवली. सणसरची सुईण फुलाबाई साठी ओलांडलेली, अंगानं भरलेली बाई. ती म्हणाली, मी गाडीबैलानं येईन. दत्तोबा म्हणाले, गाडी जुंपायला वेळ न्हाय. मग सणसरच्या साऱ्या पेठेनं पाहिलं की पूर्ण गणवेशातला हवालदार सायकल हाणतोय आणि मागच्या कॅरिअरवर फुलाबाई एका हातानं त्याचा पट्टा, दुसऱ्या हातानं आपलं गाठोडं धरून डोळे मिटून बसली आहे. चिखलात दोनदा उतरावं लागलं. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "बाळंतीण तुमची कोण लागती?"

दत्तोबांनी चाकातला चिखल काडीनं काढला. "माझ्या हद्दीतली हाय," ते म्हणाले.

दुपार कलताना मुलगी झाली. रडण्याचा आवाज ओट्यावर आला तेव्हा दत्तोबा आणि धावत आलेला संभाजी शेजारी शेजारी बसले होते, दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. जरा वेळानं बनाबाई बाहेर आली. तिच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते एवढंसं. तिनं ते आधी लेकाला दाखवलं, मग हवालदारांपुढं धरलं.

"धड हाय," ती म्हणाली. "दोघी बी धड हाईत."

दत्तोबांनी बोट पुढं केलं, चिखल बघून मागं घेतलं.

"जावा आता," बनाबाई म्हणाली. "छबूबाईस्नी सांगा. आन् म्हणावं, बाराव्या दिशी सकाळधरनं या. त्यांच्याबिगर मी पाळण्याच्या दोरीला हात लावायची न्हाय."