अंगणातली वाट

बार उडाला तेव्हा सगळ्यांत जास्त दचकला तो कोंडाजीच. बंदूक त्याच्याच हातात होती, पण ती रिकामी आहे अशी त्याची खात्री होती. दारात कोयता धरून उभी असलेली त्याची बायको सगुणाबाई मटकन खाली बसली. मजुरी वाढवून मागायला कातकरवाडीची चाळीस माणसं अंगणात आली होती, ती पांगली. भिकूची बायको बाळाबाई तेवढी गुडघा धरून पडली होती. कोंडाजीचा जुना गडी भिकू कुंपणाबाहेरच उभा होता. चौघांनी तिला उचलून त्याच्यापाशी नेलं.

ठासणीची ती बंदूक रानडुकरांसाठी होती. परवाना कोंडाजीचा, पण नळीत दारू-छर्रे ठासायचे भिकूनं. भात निघालं की डोंगराकडे नळी करून बार उडवून टाकायचा, तोही भिकूनंच. बारा वर्षांचा रिवाज. कोंडाजीनं तिला दसऱ्याला हळदकुंकू लावावं, बस्स. यंदा कापणीतच मजुरीवरून वाजलं, आणि आपल्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असं त्यानं भिकूला बजावलं. भिकूनं ठेवला नाही. बार नळीतच राहिला. कोंडाजीच्या ते ध्यानातही आलं नाही.

पुण्याच्या कोर्टात खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला. मालकानं जाणूनबुजून मारलं असंच सांगायचं, असं वाडीनं ठरवल्याचं कोंडाजीच्या कानावर होतं. भिकू साक्षीला पिंजऱ्यात चढला.

बंदूक कोणी भरली होती, असं वकिलानं विचारलं.

"म्याच," भिकू म्हणाला. "मालकाला ठासता येत न्हाई."

कोर्टात हशा पिकला. मग रिकामी का केली नाहीस?

"अंगनात येऊ नगं म्हनले व्हते. बंदूक घरात व्हती."

हशा थांबला. मोठं कलम गळालं. हयगयीचे सहा महिने लागले, परवाना गेला, बंदूक सरकारजमा झाली.

सुटून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी ओट्यावर बसला. वाडीची नदीवर जायची वाट आजापणजापासून त्याच्या अंगणातून होती. आता तिच्यावर गवत माजलं होतं. बायका हंडे घेऊन बांधावरून वळसा घालून चालल्या होत्या. सगळ्यांत मागे बाळाबाई, काठी टेकत, पाय ओढत.

कोंडाजीनं कुंपणाचा काटेरी झाप बाजूला ओढला.

"बाळाबाई, हितनं जा की. जवळ पडंल."

ती थांबली. "आमच्या ह्येनला अंगनात येऊ नगं म्हनला व्हता न्हवं? त्येनलाच सांगा."

ती बांधावरून पुढे गेली. कोंडाजीनं वाडीकडे पाहिलं. आपल्याच अंगणातून जाणाऱ्या त्या वाटेनं तो उभ्या जन्मात कधी वाडीवर गेला नव्हता.