वर्की अँड सन्स

पडद्यावरची म्हातारी शवपेटीतल्या उशीवर गाल टेकवून चक्क घोरायला लागली, आणि सोसाम्माच्या दिवाणखान्यात एकच हलकल्लोळ माजला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. कटलेटची बशी फिरवत उभी असलेली सोसाम्मा हसता हसता अशी वाकली, की दोन कटलेटं फादर मात्तन यांच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर जाऊन पडली.

"राहेलचेची, अगं ही तर तूच!" सोसाम्मा या शेजारच्या चेचीला, म्हणजे ताईला, उद्देशून ओरडली. "हुबेहूब! आणि चालते कशी बघ, बदकासारखी!"

"मी कुठं बदकासारखी चालते?" राहेल म्हणाली. पण तिलाही हसू आवरत नव्हतं. खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्याच्या टोकानं ती डोळे टिपत होती.

पडद्यावर एक गिऱ्हाईक दुकानात शिरलं. पेटीतून डोकं वर काढणारी म्हातारी त्याला दिसली, आणि छत्री तिथंच टाकून ते मीनच्चिल नदीच्या दिशेनं पळत सुटलं. म्हातारी मागून हाक मारत होती, "अहो, माप तरी देऊन जा!"

आता तर फादरसुद्धा झगा झटकायचं विसरून खो खो हसायला लागले.

मालिकेचं नाव होतं 'गिऱ्हाईक परत येत नाही'. शवपेट्या करणाऱ्या एका कुटुंबाची विनोदी गोष्ट. त्या दिवशी सकाळीच तिचे सगळे भाग एकदम मोबाइलवर आणि टीव्हीवर आले होते, आणि रविवारची प्रार्थना संपल्याबरोबर अर्धी गल्ली सोसाम्माच्या मोठ्या टीव्हीसमोर येऊन बसली होती. कारण मालिकेतलं दुकान खोटं नव्हतं. ते गल्लीच्या टोकाचं, राहेलचं दुकान होतं. तिच्या नवऱ्यानं, वर्कीनं, स्वतः रंगवलेली पाटीसुद्धा तीच होती: 'वर्की अँड सन्स'.

वास्तविक वर्कीला एकही मुलगा झाला नाही. लग्न ठरल्यावर, मोठ्या हौसेनं त्यानं ती पाटी आधीच रंगवून ठेवली होती. पुढे लिन्सी झाली, आणि मग दुसरं काही झालं नाही. "पाटी बदला की आता," राहेल म्हणायची. "राहू दे," तो म्हणायचा. "रंग चांगला बसलाय."

वर्की रंधा मारायचा आणि राहेल आतलं अस्तर शिवायची. सॅटिन, कडेनं लेस आणि डोक्याखालची छोटी उशी. मालिका करणारी निमिषा नावाची पोरगी मागच्या वर्षी दुकान बघायला आली, तेव्हा तिनं राहेलला विचारलं होतं, "अम्मच्ची, तुमच्या कामात सगळ्यात अवघड काय?"

"टाचणी," राहेल म्हणाली होती.

मग तिनं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. अस्तर शिवताना लावलेली एक टाचणी उशीतून काढायची राहून गेली. चर्चमध्ये शेवटचा मुका घ्यायला मयताची बायको वाकली आणि उठली, तेव्हा तिच्या गालावर रक्ताचा थेंब होता. त्या बाईला टोचलेलं कळलंही नाही. त्या दिवशी तिला दुसरं काही जाणवतच नव्हतं. पण राहेलनं तो थेंब पाहिला. तेव्हापासून प्रत्येक पेटी दुकानातून निघायच्या आधी राहेल वाकून उशीवर स्वतःचा गाल टेकवायची. इकडे एकदा, तिकडे एकदा. काही टोचलं नाही, की मग म्हणायची, "न्या आता."

हे ऐकताना निमिषा रडली होती. आणि त्याचं तिनं केलं काय, तर ही घोरणारी म्हातारी! राहेलला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर भर दुपारी, पेट्यांचा ढीग पडलेला असताना, एकदोनदा तिचाही तिथंच डोळा लागला होता.

तिची धास्ती वेगळीच होती. मांडीवर पालथ्या ठेवलेल्या फोनमध्ये ती होती. लिन्सीला राहेलनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

लिन्सी मस्कतला नर्स होती. शाळेत पोरी तिला 'पेटी' म्हणून हाका मारायच्या. तिच्या शेजारी बाकावर बसायला कुणी तयार नसायचं. तिच्या अंगाला दुकानातल्या पॉलिशचा वास येतो म्हणे. ते दिवस ती विसरली नव्हती. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा तिनं आईबापांना एकच गोष्ट बजावली होती. "ट्रीसाला काही सांगायचं नाही. आजोबांचं फर्निचरचं दुकान आहे, एवढंच."

दोघांनी ते पाळलं. ट्रीसा सुट्टीत यायची तेव्हा दुकान बंद. पेट्यांवर चादरी. पण माणसं काही सुट्ट्या बघून मरत नाहीत. एकदा मागच्या दारानं पेटी बाहेर काढताना ट्रीसा मधेच येऊन उभी राहिली.

"अप्पच्चा, हे काय?"

"कपाट," वर्की म्हणाला.

"मग याला कप्पे का नाहीत?"

वर्कीनं क्षणभर विचार केला. "ज्यांच्याकडे सामान नसतं ना, त्यांच्यासाठी आहे हे."

हे सांगून वर्की नंतर कितीतरी दिवस हसायचा. राहेलला मात्र वाटायचं, हसता हसता तो पाटीकडे बघतो.

"ऐका, ऐका!" सोसाम्माचा नवरा कुरियाच्चन मोबाइल नाकाला लावून ओरडला. दोन भागांच्या मधे लोकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. "त्रिश्शूरहून कुणी लिहितंय, 'माझ्या सासूला दाखवू नका. उद्याच माप द्यायला निघेल.'"

"माझ्या सासूनं तर दिलंच होतं," सोसाम्मा म्हणाली. "वर्कीच्चनकडे स्वतः गेली होती. म्हणाली, खांद्याला जरा सैल ठेव."

"हे बघा, दुबईहून. 'हसता हसता एकदम गप्प झालो. आईला फोन लावला.' आणि ही कोण... 'त्या लेसवाल्या आजीला बक्षीस द्या, नाहीतर आम्ही उपोषणाला बसतो.'"

"ती आजी इथं बसलीय म्हणून लिही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"लिहू का? राहेलचेची, लिहू?"

"लिहायचं नाही," राहेल म्हणाली. तिचे कान तापले होते. असं तिच्याकडे वळून वळून कुणी बघावं, हे या गल्लीत आजवर घडलं नव्हतं. लग्नाला, बारशाला तिला बोलावणं असायचं, पण ती आली की बायका नकळत जरा सरकून बसायच्या. आज सोसाम्मा तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"एक वाईटही आहे," कुरियाच्चन जरा कचरत म्हणाला. "'मेलेल्यांची थट्टा. धर्माचा अपमान. फादर लोक झोपलेत काय?'"

सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर मात्तन यांच्या तोंडात कटलेट होतं. त्यांनी ते सावकाश गिळलं.

"लिहा," ते म्हणाले, "जागे आहेत. पुढचा भाग लावा."

हशा उसळला. काळा चहा फिरला, उकडलेला टॅपिओका आणि तिखटजाळ माशाचं कालवण आलं. पोटभर हसून, पोटभर खाऊन झालं, आणि संध्याकाळी शेवटचा भाग लागला.

या भागात म्हातारीचा नवराच गेला. दिवाणखान्यात कुणीतरी सवयीनं हसलं आणि लगेच थांबलं. पडद्यावर म्हातारी एकटीच दुकानात बसून अस्तर शिवत होती. पेटी होती ती वर्कीनं स्वतःसाठी करून ठेवलेली, फणसाच्या लाकडाची, पिवळी धमक. निमिषानं ती मागून घेतली होती. म्हातारीनं शेवटची टीप घातली, धागा दातानं तोडला, वाकली आणि उशीवर गाल टेकवला. इकडे एकदा, तिकडे एकदा. मग दाराकडे बघत म्हणाली, "न्या आता."

सोसाम्मानं राहेलचा हात धरला होता.

राहेल पडद्याकडे बघत होती, पण तिला दिसत होतं ते दुसरंच. कारण तिच्या वाट्याला हे असं आलं नव्हतं. वर्की गेला तेव्हा लिन्सी धावत आली, आणि बापानं करून ठेवलेली पेटी बघून म्हणाली, "अम्मे, ही नको. माझ्या हॉस्पिटलमधले सगळे अंत्यविधी मोबाइलवर थेट बघणार आहेत." कोट्टयमहून पितळी कड्यांची, चकाकती, तयार पेटी आली. चाळीसेक वर्षं गावाला पेट्या देणारा माणूस परक्या पेटीत गेला. चर्चमध्ये शेवटच्या मुक्याला तिचा नंबर पहिला आला. ती वाकली, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याशेजारी उशीवर तिनं आधी गाल टेकवला. लोकांना वाटलं चक्कर आली. दोघीतिघींनी धरून तिला उठवलं. तेव्हा तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. दफन होईपर्यंत तिनं ती उघडली नाही.

पडद्यावर नावं येऊ लागली. कुणीतरी नाक शिंकरलं. मग एकदम सगळे बोलायला लागले.

"पुढचं कधी येणार?"

"आता पुढचं काय, नवरा गेला की!"

"अहो, म्हातारी आहे ना!"

"थांबा, थांबा!" कुरियाच्चन उठून उभाच राहिला. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "राहेलचेची, हे... हे ऐक."

तो वाचायला लागला. आता त्याचा आवाज ओरडका नव्हता. "'मालिकेत एक चूक आहे. आजी म्हणते, दुकानात मुलगी कधी फिरकत नव्हती. मी रोज शाळेतून आल्यावर दाराआडून बघायचे. त्या पाटीवरच्या सन्समधली एकुलती एक मीच. लिन्सी वर्की, मस्कत.'"

आणि मग जो गोंगाट झाला, तेवढा त्या घोरण्यावरही झाला नव्हता. सोसाम्मानं राहेलला गदागदा हलवलं. फादरांनी टाळी वाजवली. राहेल मात्र नुसती बसून होती. "पुन्हा वाच," ती म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं. "शेवटचं वाच." त्यानं शेवटचं वाचलं.

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. सोसाम्मानं हातानंच सगळ्यांना गप्प केलं. फोनवर चेहरा आला. लिन्सी नुकतीच कामावरून आलेली दिसत होती, गणवेशातच होती.

"मला आधी का सांगितलं नाहीस, अम्मे?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." तिनं मागं वळून पाहिलं. "ट्रीसा सकाळपासून लोळतेय हसून. म्हणते, त्या कपाटाला कप्पे का नव्हते ते आत्ता कळलं. आणि तिनं तिच्या सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलंय. पाटीचा फोटो लावलाय."

"तू रागावलीस तिला?"

"मी कशाला रागावू?" लिन्सीनं डोळे पुसले. "आपली पेटी दिसली, अम्मे. चाच्चननं स्वतःसाठी ठेवलेली. किती सुंदर केलेली होती ती."

राहेलनं मान हलवली. दिवाणखान्यातले लोक भिंतींकडे, छताकडे बघत होते. पण जागचं कुणी हाललं नव्हतं.

"एक विचारायचं होतं," लिन्सी म्हणाली. "तेव्हा धीर झाला नाही. चाच्चनच्या वेळी तू वाकलीस, तेव्हा सगळे म्हणाले चक्कर आली. मला माहीत होतं तू काय करतेयस. आणि उठलीस तेव्हा तुझी मूठ मिटलेली होती. काय होतं त्यात?"

"टाचणी," राहेल म्हणाली. "कोट्टयमवाल्यांची राहिली होती उशीत."

लिन्सीनं फोन आणखी जवळ धरला.

"माझ्यानंतर तुझा नंबर होता ना," राहेल म्हणाली.

लिन्सीनं तोंडावर हात धरला. मग ती म्हणाली, "कुठंय ती? ठेवलीयस?"

"ठेवायची काय त्यात? बाकीच्या टाचण्यांत टाकली. चांगली होती, टोकदार. लागली असेल कुठल्यातरी अस्तराला."

लिन्सी रडता रडता हसली. मागून ट्रीसाचा आवाज आला, "अम्मच्ची, आम्हालाही बघायचंय, तुमच्याबरोबर!"

"लावा रे पहिल्यापासून!" सोसाम्मा ओरडली, आणि लोक पुन्हा जागा धरून बसले. पडद्यावर पाटी आली. वर्कीनं रंगवलेली लाल अक्षरं, रंग खरंच चांगला बसलेला.

राहेलनं सोफ्यावरची उशी पुढे ओढली, तिच्यावरून तळहात फिरवला, इकडे एकदा, तिकडे एकदा, आणि मग फोनमधल्या लेकीला तिच्यावर नीट टेकवून, पडद्याकडे तोंड करून बसवलं.