बाजूची सीट

आमच्या घरात एखादी वस्तू घ्यायची झाली की ती घरात ठरत नाही, दुकानात ठरते. वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडजवळ आमचं मोटारपंपाचं दुकान आहे, मागे घर आणि मध्ये फक्त एक पडदा. दुकानातल्या बाकावर जो कोणी येऊन टेकेल त्याला आमच्या खरेदीत मत असतं. फ्रिज त्या बाकावर ठरला, आमच्या पोराची, तौकीरची, बायकोही जवळजवळ तिथेच ठरली, तेव्हा गाडी वेगळीकडे कुठे ठरणार होती?

झालं असं की बायपासजवळची गोदामाची जागा चांगल्या भावात गेली. पोरीचं लग्न झालेलं, घर बांधून झालेलं, हजही झालेला. तेव्हा तौकीरच्या अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहायला हरकत नाही: बदरुद्दीन. समृद्धी महामार्गावर एक लाल, जमिनीला टेकलेली गाडी आमच्या बोलेरोच्या बाजूने अशी निघून गेली की आम्ही उभेच आहोत असं वाटलं. तेव्हापासून या माणसाचं जेवणात लक्ष नव्हतं.

"तसी पायजे," ते एक दिवस म्हणाले. "दोन सीटची. ताकदीची. कामाची नाही, मजेची."

साठीला आलेला माणूस 'मजेची' हा शब्द चोरी कबूल करावी तसा बोलला. मला त्यांची दया आली, हे खरं. पण त्याच क्षणी माझ्या मनात लोभही शिरला, तेही खरंच. दोन सीटची म्हणजे एक त्यांची. मग दुसरी कोणाची?

माझा लोभ कळायला आमच्या घरातल्या गाड्या माहीत पाहिजेत. लग्न झालं तेव्हा राजदूत होती, तिच्यावर मी मागे बसायची. मग आमच्या दोघांच्या मध्ये तौकीर आला आणि टाकीवर नमरा आली. मग जीप घेतली, तिच्यात पुढे सासरे. मग व्हॅन, तिच्यात पुढे माझे दीर एजाजभाई, कारण त्यांना मागे मळमळतं. मलाही मळमळतं, पण मला कोण विचारतो? मग बोलेरो आली. तिच्यात पुढे तौकीर, कारण त्याला मोबाइलवर रस्ता दिसतो. कुठला रस्ता, तर अकोल्याचा, जो त्याचा बाप झोपेतही चुकणार नाही. आणि एखाद्या दिवशी कोणीच बाप्या सोबत नसला, तर पुढच्या सीटवर पंपाची पेटी असायची. वर तिला पट्टा लावलेला.

म्हणजे उभ्या संसारात मी नवऱ्याला गाडी चालवताना मागूनच पाहिलं. त्यांच्या मानेवर, कॉलरच्या जरा वर, डावीकडे एक तीळ आहे. तो तीळ मला पाठ आहे. त्यांचे केस पिकायला लागले तेही मला तिथूनच कळलं. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या बाजूला बसून जायचं होतं. कुठे जायचं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

बाकावर बैठक बसली. मी पडद्याआड लसूण सोलत होते.

तौकीरने मोबाइलवर गाडी दाखवली. "अब्बा, तीनशे हॉर्सपॉवर!"

पंप विकणाऱ्या माणसाला हॉर्सपॉवर म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. हे मनातल्या मनात भागाकार करत होते.

"साडेसातची मोटर धरली त चाळीस विहिरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. "एका गाडीत चाळीस विहिरी! साऱ्या इंझोरी गावाचं ओलित होते, बे."

"ॲव्हरेज काय देते?" हे माणिकराव. पंचायत समितीतून रिटायर झालेले, यांचे शाळेपासूनचे दोस्त.

"सहा-सात," तौकीर म्हणाला.

"म्हणजे पेट्रोल पिऊन राह्यली का पेट्रोलानं आंघोळ करून राह्यली?"

एजाजभाईंनी गंभीर चेहरा केला. तो चेहरा ते लग्नं मोडताना करतात. "भाईजान, दोन सीटची काय गाडी होय? शादीत जा लागते, मय्यतीत जा लागते. सात सीटची फॉर्च्युनर घ्या. समोरून येनारा आपोआप बाजूले होते."

"चाचा, हे वीकएंडची गाडी आहे," तौकीर म्हणाला.

"आपला वीकएंड म्हणजे जुम्म्याची दुपार. तवा मानूस झोपंल का गाडी चालवंल?"

एकेक जण बोलत गेला आणि आमच्या यांचं तोंड उतरत गेलं. पाइपाचे बंडल कुठे ठेवाल, गतिरोधकावर पोट घासेल, उद्या विकायची झाली तर वाशीम जिल्ह्यात गिऱ्हाईक कोण? शेवटी ते हळूच म्हणाले, "चला मंग. फॉर्च्युनर त फॉर्च्युनर."

माझ्या हातातला लसूण खाली पडला. सात सीट! म्हणजे मी तिसऱ्या रांगेत, स्टेपनीच्या शेजारी.

"दोनच सीटची घ्या," मी पडद्यामागून म्हणाले.

एजाजभाईंचा आवाज आला. "पन भाबी, मंग तुमी कुठं बसान?"

"मी घरीच बरी."

हे ऐकून सगळ्यांना गहिवरून आलं. माणिकराव म्हणाले, "पाहा, याले म्हणतात बाई!" मी लसूण उचलला आणि त्यागाची मूर्ती होऊन फोडणी घातली.

जेवताना मी उरलेलं काम केलं. "सात सीटची घेतली त ते तुमची राहनार नाही. एजाजभाईच्या सासरची वरात तिच्यातच निघन, अन् तुमी डायवर."

त्यांचा घास हातातच राहिला. "अन् दोनची?"

"दोनची कोन मांगते?"

इथे मी चुकले. पण ते पुढे कळलं.

नागपूरच्या शोरूमला आम्ही बोलेरोने गेलो. मी अर्थातच मागे. तिथली पोरगी गोड होती. "मॅडम, ट्रायलला तुम्ही बसा ना सरांच्या बाजूला," ती म्हणाली. मी पर्स खांद्याला लावेपर्यंत एजाजभाई आत बसून पट्टा लावून मोकळे झाले होते. मळमळतं ना त्यांना.

गाडी आली. लालच. तौकीरच्या अब्बांनी तिच्यासाठी शेड बांधलं, कापडी झाकण शिवून घेतलं, आणि दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तिला बाहेर काढायला लागले. आणि तेव्हा मला कळलं की सात सीटची गाडी सात जण मागतात, पण दोन सीटची सगळा गाव मागतो. पहिल्या शुक्रवारी दुआ करायला हाफिजसाहेब बसले. त्यांच्यानंतर एजाजभाई, मग त्यांचा साडू, मग डॉक्टर, मग डॉक्टरांचा कंपाउंडर, कारण डॉक्टरांना नेलं मग त्याने काय घोडं मारलं? माणिकराव आत गेले ते सहज, पण बाहेर येईनात. दोघांनी हात धरून ओढलं तेव्हा निघाले. "बद्रू, गाडी झकास आहे," ते धापा टाकत म्हणाले, "पन इच्यातून बाहीर येनं म्हणजे दुसरा जलम होय."

मी वाट पाहत होते. एकदा धीर करून म्हटलंही, "मले कवा नेता?"

"अव, तू त घरचीच आहेस. कवाबी बसशीन."

असा राग आला मला! घरची आहे म्हणून पंपाची पेटी पुढे आणि मी मागे. घरची आहे म्हणून कंपाउंडरनंतरही माझा नंबर नाही. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. त्यांच्या डोक्यात गाडी होती.

मग मी तयारी सुरू केली. दुपारी हे झोपले की मी शेडमध्ये जायची, झाकण वर करायची आणि बाजूच्या सीटवर बसायचा सराव करायची. माझे गुडघे धड नाहीत आणि ती गाडी म्हणजे जवळजवळ पाटच. आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पट्टा उजव्या हाताला खटकन बसतो. त्या अंधाऱ्या शेडमध्ये रिकाम्या स्टिअरिंगशेजारी बसून मी काय काय बोलले असेन, ते गाडीलाच माहीत.

परवाच्या शुक्रवारी एजाजभाई कारंज्याच्या एका जिनिंगवाल्या शेठना घेऊन आले. यांनी गाडी दुकानासमोर आणून उभी केली आणि चष्मा पुसायला लागले. मी बुरखा घालून तयारच होते. बाहेर आले, दार उघडलं, बूड टेकलं, पाय आत घेतले, पट्टा लावला. बाकावरच्यांनी माना वळवल्या.

एजाजभाई धावत आले. "भाबी, जरा उतरा. शेठले घाई आहे. भाईजान त्याईले एक राउंड मारून आनतात."

"मी नाही उतरत."

हे खाली वाकून म्हणाले, "अव, पाव्हने उभे आहेत."

"राहू द्या उभे."

"काहून पन?"

सगळे ऐकत होते. ऐकू दे, म्हटलं. "मले तुमच्या बाजूले बसायचं आहे. त्याच्यासाठीच म्हणली होती मी दोन सीटची. तुमाले काय वाटलं, मले तुमच्या मजेची फिकीर होती?"

त्यांनी एजाजभाईंकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, उतर. पण ते वळसा घालून आपल्या बाजूला आले आणि आत बसले.

"शेठसाहेब, पुढच्या जुम्म्याले या," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

ताकदीचं म्हणाल तर आम्ही काही फार ताकद दाखवली नाही. जऊळक्याच्या रस्त्याला खड्डे, आणि खड्डे नसतील तिथे गतिरोधक. एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. मोटारसायकलवरची पोरं बाजूने व्हिडिओ काढत चालली होती. मी त्यातलं काही नीट पाहिलं नाही. मी यांना पाहत होते. हे गाडी चालवताना ओठ दुमडतात, हे मला माहीत नव्हतं. गतिरोधक आला की गाडीशी बोलतात, तेही माहीत नव्हतं. "आस्ते, बेटा, आस्ते," असं अगदी हळू आवाजात. मागच्या सीटवर हे कधी ऐकूच आलं नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं.

जऊळक्याचं रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी येत होती, लांबच लांब. या अल्लाह, अजून डबे असू दे, मी मनात म्हटलं. यांनी इंजिन बंद केलं.

"इतके वर्सं मांगं बसून तू करत काय होतीस व?" त्यांनी विचारलं.

"तुमचा तीळ पाहत होती."

"कोनता तीळ?"

"मानेवरचा."

त्यांनी हात मागे नेला आणि मानेवरून बोटं फिरवली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. शेवटचा डबा निघून गेला.

"मले तीळ आहे?" ते म्हणाले. "कुठं?"

मी हात लांब केला आणि भर जऊळक्याच्या फाटकावर, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. फाटक केव्हाच उघडलं होतं. मागचे हॉर्न वाजवत होते, कोणीतरी शिव्याही देत होतं, आणि चाळीस विहिरींची ती गाडी जागची हलत नव्हती.