तिसरं मडकं

छपरीच्या सावलीत तीन मडकी ठेवलेली होती. आसगावच्या लोकांना त्यात गांडुळं दिसत. देवकाबाईला तिचा लेक ईश्वर दिसे.

ईश्वर शेतकी शाळेत शिकायला गेला आणि सुट्टीत आला की कुदळी घेऊन धानाच्या बांधीबांधीनं गांडुळं शोधत हिंडायचा. गावानं विचारलं, शिकून-सवरून गरी टाकून मासेच धरणार का बाबू? तो हसायचा, आणि आईला एकेक जात वेगळी करून दाखवायचा. लाल, चपळ ती शेणा-पाचोळ्यात राहून कुजलेलं खातात. फिकट राखी ती माती खात मातीतच आडव्या वाटा काढतात. जाड, काळपट ती खोल उभी बिळं पाडतात, पावसाचं पाणी त्याच वाटेनं भुईत मुरतं. तीन जातींची तीन मडकी झाली. देवकाबाईनं जात्यावर ओवी जुळवली:

हाड नाही, पाय नाही, बाई नांगर कोन हाके
मातीच्या ग पोटामंदी वली वाट कोन राखे

मग पोळ्याच्या आधी काविळीनं ईश्वरला नेलं. जातं मुकं झालं. देवकाबाई मडक्यांवर पाणी शिंपडत राहिली. तिचा नवरा भोजराज तिकडे बघतही नसे.

वैशाखात माती तापली. तिसऱ्या मडक्यात तिनं बोटानं उकरून पाहिलं, तर काळी गांडुळं अंगाची गाठ मारून निपचित पडलेली. लेकरं उपाशी मरायला टेकली, तिला वाटलं. तिनं गोठ्यातलं ताजं शेण आणलं, गुळाचं पाणी कालवलं, पाहुण्याला वाढावं तसं मडकं तोंडोतोंड भरलं आणि वरून ओलं पोतं झाकलं.

दोन दिवसांनी पोतं काढलं तेव्हा आतून वाफ आली. शेण आतल्या आत तापलं होतं. गाठी सुटल्या होत्या, पण हलत एकही नव्हतं.

भोजराज शेतातून आला तेव्हा ती मडकं मांडीत घेऊन बसली होती.

"अजी, म्याच मारले. उपाशी आहेत मनून खाऊ घातलं."

त्यानं आत वाकून पाहिलं. मग बोलला, "उपाशी नव्हते वो. ही जात उन्हाळाभर गाठ मारून निजते. मले सांगतलं होतं त्यानं, बांधावर."

"मंग मले काहून नाही सांगतलं तुमी?"

"कसा सांगू? त्याचं नाव घ्यावं लागलं असतं."

ती रडली नाही, चिडलीही नाही. भोजराजनं मडकं तिच्या मांडीतून अलगद उचललं आणि परसात फणसाखाली खड्डा खणू लागला. भुई दगडासारखी झालेली, कुदळी उसळत होती. देवकाबाई उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

"आनखी काय काय सांगतलं होतं त्यानं तुमाले?"

भोजराजनं कुदळी खाली ठेवली. तोंड उघडलं. पहिला शब्द निघाला तो लेकाचं नाव.